गोलातला बाण

१२ ऑक्टोबर

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. म्हणून पत्र. फाडायचं म्हटलं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं, तेवढ्यात चार ओळी वाचून होतात. माफी मागायला लिहिते आहे असं समजू नकोस. ती मी मागणार नाही आणि तूही मागू नकोस, आपल्या दोघींच्या ते अंगवळणीच नाही.

एकच विचारायचं आहे. तू इकडे येऊन गेलीस का? घरी नाही, वरती. लाकडाच्या गिरणीच्या पुढे रस्त्याखालची मोरी आहे, तिथे.

का विचारते ते सांगते. गेल्या महिन्यापासून सहली पुन्हा सुरू केल्या. वर्षभर दुकान नुसतं पंक्चरवर चाललं, आता बस झालं. तोच रस्ता धरलाय. नदीकाठच्या आपल्या दुकानातून सायकली घ्यायच्या, पहिल्या दिवशी कॉफीच्या मळ्यांतून वर चढायचं, दुसऱ्या दिवशी गिरणीपाशी जेवण आणि मग डोंगर उतरून बाजारगावात मुक्काम. चढ तेच आणि पाहुण्यांची कुरकुरही तीच. तुझ्या नवऱ्याच्या, आपल्या जावईबापूंच्या जागी पुढारी म्हणून लंबूला ठेवलाय. दिसायला खांब, वागायला गाय. पुढाऱ्याने फाट्याफाट्यावर बाण काढत जायचं आणि शेपटीने सगळ्यांच्या मागून ते पुसत यायचं, न पुसलेला बाण पुढच्या माणसाला फसवतो, ही बाबांची शिकवण त्याच्याकडून घोकून घेतली. शेपूट आता मी आहे, कारण तुझ्या भावोजींनी सायकलवर बसणं सोडलंय. गुडघा दुखतो म्हणतात. कुठला, ते आठवड्याला बदलतं.

तर पहिल्याच सहलीत मोरीपाशी आले. लंबूचा बाण उजवीकडे, पक्क्या रस्त्याकडे, बरोबर होता. तो पुसला आणि मान वर केली तर कठड्यावर दुसरा बाण. डावीकडे, जुन्या रस्त्याकडे. तो रस्ता दरड कोसळल्यापासून बंद आहे, बांबू माजलाय, गुरंसुद्धा जात नाहीत. बाण लाल मेणखडूचा, ओल्या दिवसांत आपण वापरतो तो. रंग काल काढल्यासारखा. आणि बाणाभोवती गोल.

पाहुण्यांना आपण फक्त बाण शिकवतो. गोल ही पुढाऱ्याची शेपटीला खूण: कोणीतरी चुकून इकडे गेलंय, मी आणायला जातो, तू बाकीच्यांना घेऊन पुढे हो. लंबूला मी ती अजून सांगितलेलीच नाही. त्याला मोरीपाशी उभं करून विचारलं, तर म्हणतो, ‘काकू, हे काय फुटबॉलचं आहे का?’ त्याने काढला नाही एवढं नक्की. मेणाचा बाण पुसून निघत नाही म्हणून रीतीप्रमाणे मी त्यावर चिखल फासला. दुसऱ्या खेपेला बाण नव्हता. तिसऱ्या खेपेला पुन्हा होता, तितकाच लाल.

गोलाची खूण माहीत असलेली माणसं चारच. मी, तुझे भावोजी, तू, आणि तुझा नवरा. भावोजी बँक सोडली तर दुकानाबाहेर पाऊल टाकत नाहीत. मी काढलेला नाही. उरलात तुम्ही दोघं.

म्हणून विचारते. तू आली होतीस का? की तो आला होता? तो तुला भेटला असेल आणि मला सांगायचं नसेल तरी हरकत नाही, नुसतं ‘आहे’ एवढं लिही. मी कोणाला बोलणार नाही.

ताई


२ नोव्हेंबर

धाकटे,

कार्ड मिळालं. ‘मी आले नाही. तो मला सोडून गेला. त्याचं नाव काढू नकोस.’ तीन वाक्यं लिहायला तुला दोन आठवडे लागले. असो, उत्तर आलं हेही नसे थोडके.

नाव काढत नाही. तसंही मी त्याला जावईबापूच म्हणायचे, आपल्याकडे राहायला आला म्हणून चिडवायला, आणि तोही ‘आज्ञा सासूबाई’ म्हणून मलाच म्हातारी करायचा. पण विषय संपला असं तू म्हणून चालत नाही. तो तिकडे मोरीवर येऊन बसतोय.

मागच्या सहलीत एक बाई होत्या. आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स, आता निवृत्त, बोलणं तोलूनमापून. पंक्चर जोडायलाही मला हात लावू दिला नाही. मोरीच्या अलीकडे त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, ‘तुमचा एक माणूस त्या झाडीत शिरला.’ मी म्हटलं, आमचे सगळे पुढे आहेत. तर म्हणाल्या, ‘पाहिला मी. मागे पिवळं काहीतरी बांधलेलं होतं. उतरून सायकल हातात धरून गेला.’ मी बांबूत थोडी आत जाऊन पाहिलं. ना माणूस, ना सायकलीच्या चाकाची रेघ. मग त्यांना म्हटलं, ऊन-सावलीत असं दिसतं. त्या सायकलवर बसल्या. मुक्कामावर मात्र त्यांनी विचारलं, ‘त्या जागेवर कोणी गेलंय का तुमचं?’ मी नाही म्हणाले आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला उठले.

लंबू आता मोरीपाशी एकटा पुढे जायला तयार नाही. पाहुण्यांना घोळक्याने नेतो आणि जोरजोरात गप्पा मारतो. त्याला मी भित्रा म्हणाले खरी, पण माझं ऐक. मोरीनंतर उतार लागला की पॅडल थांबवते, तेव्हा माझ्या चाकाची टिकटिक सुरू होते. तिच्या मागून आणखी एक टिकटिक येते. मी ब्रेक दाबला की माझी थांबते आणि मागची एक श्वासभर चालू राहून मग थांबते. कातळावरून आवाज परत येतो हे मलाही कळतं. हा रस्ता मी लग्नाआधीपासून उतरते आहे, इतकी वर्षं कातळ मुका होता का?

घाबरले. लिहून टाकलं. हसायचं तर हस.

आता तुझ्या ‘सोडून गेला’बद्दल. आपण सगळ्यांनी तेच धरलं, मीही. गिरणीच्या पडवीत तुमचं भांडण झालं ते पाहुण्यांदेखत. तुला शहरात खोली घेऊन राहायचं होतं, त्याला रस्ता सोडवत नव्हता. ‘पुन्हा माझ्या मागे येऊ नकोस’ म्हणालीस आणि सायकल काढून निघून गेलीस. मग तोही पाहुण्यांना घेऊन पुढारी म्हणून निघाला. पाहुणे त्याच्या बाणांवरून नीट बाजारगावात पोचले आणि पुढारीच पोचला नाही. बस-स्टँडवरचा हमाल म्हणाला, एक सायकलवाला बसच्या टपावर सायकल चढवून गेला. झालं, सगळ्यांनी मान डोलावली. चार दिवसांनी तू मैत्रिणीकडून परत आलीस तेव्हा चार माणसांत एवढं टाकून बोलायची काय गरज होती, असं मी म्हणाले, आणि तू पेटी उचललीस.

मी ते का धरून ठेवलं सांगू? तुला सोडून गेला असेल तर कुठेतरी जिवंत तरी असेल. कुठल्या तरी गावात कोणाच्या तरी सायकलची चेन बसवत असेल, आणि त्याला शिव्या घालायची मला सोय राहील. तुझंही तेच असणार. रागावर माणूस पुष्कळ दिवस काढतो.

पण मग गोल कोण काढतंय?

ताई


२० नोव्हेंबर

धाकटे,

बसून वाच.

काल सहल बाजारगावात पोचवली आणि एका पाहुण्याचा हातमोजा गिरणीवर राहिला म्हणून आज सकाळी मी एकटीच उलट चढून गेले. मोरीच्या वळणावर आले तर कठड्यापाशी कोणीतरी गुडघे टेकून बसलेलं. सायकल तशीच टाकली. तो माणूस दोन्ही हातांनी चिखल थापत होता, भिंत लिंपावी तसा. मग त्याला खोकला आला आणि मला कळलं. तो खोकला मी पंचवीस वर्षं ऐकते आहे.

तुझे भावोजी. मला बँकेत जातो म्हणून सांगून बसने वर यायचे. प्रत्येक सहलीच्या आगेमागे. बाण झाकायला.

मी म्हटलं, ‘अहो, हे काय चाललंय?’ ते उठले नाहीत. हात तसेच चिखलात. म्हणाले, ‘मी त्या दिवशीही झाकला होता.’

मग एकेक बाहेर आलं. त्या दिवशी शेपूट ते होते. रिमझिम होती. मोरीपाशी आले तर त्याचे दोन बाण, उजवीकडचा साधा आणि डावीकडचा गोलातला. गोल पाहिल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे माणसं मोजली. तिथून खालचा सगळा उतार दिसतो हे तुला माहीत आहे. सगळेच्या सगळे पाहुणे खाली वळणावळणाने उतरताना दिसत होते, एकही कमी नाही. कोणी चुकलेलंच नाही, तर गोल कशाला? मग त्यांना वाटलं, हा जुना असणार. पूर्वी आपली सहल त्याच रस्त्याने जायची, मेणखडूच्या खुणा वर्षानुवर्षं राहतात, पावसाने वरचा चिखल धुऊन निघाला असेल. जुनी खूण पाहुण्यांना फसवायची म्हणून त्यांनी ती झाकली आणि पुढे गेले.

दुसऱ्या कोणाला हे सांगितलं तर म्हणेल, एवढंच ना? पण तुला कळेल. आपल्या घरात वाढलेलं कोणीही माणूस हेच करेल. मीही मोजून झाकलाच असता.

‘मग तो मुक्कामावर आला नाही तेव्हा का नाही बोललात?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘तेव्हाच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तुला न सांगता गेलो होतो. जुन्या रस्त्याने दरडीपर्यंत. पाऊस कोसळत होता, खाली काही दिसेना. कडेला उभा राहून हाका मारल्या. बऱ्याच मारल्या. उत्तर आलं नाही. परत आलो तर हमाल सांगत होता, तो बसने गेला म्हणून. मी तो शब्द धरून बसलो. तो बसने गेला, म्हणून उत्तर आलं नाही.’

मग मला विचारतात, ‘चिखल कितीही फासला तरी तो वर का येतो गं?’ मी सांगितलं, मेण आहे ते, पाऊस आला की चिखल जातो आणि मेण राहतं, उन्हापासून झाकलेलं म्हणून रंगही उडत नाही. हे त्यांनीच मला शिकवलंय. ते पुन्हा चिखल थापू लागले. त्यांना वाटतंय, तो रोज येऊन नव्याने काढतो.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. गिरणीवरची माणसं बाहेर येऊन उभी राहिली एवढं सांगते. वर्षभर माझ्यासमोर ताटावर बसले, स्वच्छ चेन पुन्हा पुन्हा पुसत राहिले, तुझं-माझं तुटताना पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, धाकटे. चावून घेतलं तरी रक्त आपलंच.

उद्या मी खाली उतरणार आहे. लंबू दोर घेऊन येतोय, गिरणीवरचे दोघं येतायत. भावोजी म्हणाले मीही येतो. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

हे पत्र आजच टाकते. उद्या मला लिहवेल की नाही माहीत नाही.

ताई


२३ नोव्हेंबर

धाकटे,

तो सापडला.

कसं लिहायचं ते मला येत नाही, म्हणून सरळ लिहिते. दरडीच्या खाली ओढा आहे, तिथे मोठ्या दगडांच्या मधे. सायकल आधी दिसली. बांबूच्या मुळांत अडकलेली, हँडल वर. मग बाकीचं. वर्षात जेवढं उरतं तेवढं होतं. बूट त्याचे, मी ओळखले. लंबू खाली बसून रडला, ज्या माणसाला त्याने कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी. मी रडले नाही. मला लाज वाटली त्याची, पण नाही आलं रडू.

पोलिस आले, लिहून घेतलं, बाजारगावच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, पडताक्षणीच गेला असणार, त्रास झाला नसेल. खरं होतं की माझं मन राखायला म्हणाले, मी विचारलं नाही. भावोजी माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांना ते ऐकायची माझ्यापेक्षा जास्त गरज होती. त्यांनी डॉक्टरांना दोनदा विचारलं, ‘त्याच दिवशी हाक मारली असती तर?’ डॉक्टरांना काही कळलं नाही.

तर तो तुला सोडून गेला नव्हता. बसच्या टपावर सायकल चढवणारा कोणी दुसराच होता. एवढं तरी आता नक्की आहे, आणि ते तुला मिळायला हवं होतं. वर्षभर तू एका मेलेल्या माणसावर रागावून होतीस, यात तुझा दोष नाही.

तो तिकडे का गेला म्हणशील, तर गोल काढला म्हणजे कोणालातरी आणायलाच गेला. पाहुण्यांपैकी कोणीतरी चुकून वळलं असेल आणि आपलं आपण परत आलं असेल. त्याने चाकाची खूण पाहिली असेल. त्याचं काम त्याने केलं. दरडीवर पाऊलवाट होती, पावसाने खालून पोखरली होती, सायकल खांद्यावर घेऊन ओलांडताना पाय गेला. कॅरियरला थोडं सामान होतं, ते पोलिसांनी नोंद करून ठेवून घेतलंय.

तुझी सही लागणार आहे. बायकोचीच लागते, माझी चालत नाही. त्याला हॉस्पिटलातून आणायचं आणि निरोप द्यायचा, ते तुझ्याशिवाय मी होऊ देणार नाही. गाडीभाडं, राहणं, कशाची काळजी करू नकोस. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. ये मात्र.

ताई


४ डिसेंबर

धाकटे,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. ‘सगळे पाहुणे उतारावर दिसत होते, तर गोल कोणासाठी?’

मला वाटलंच होतं. बाबा म्हणायचे, मोठीला रस्ता दिसतो आणि धाकटीला रस्त्यातली खोट. मागच्या पत्रात ‘पाहुण्यांपैकी कोणीतरी’ लिहिलं ते खोटं होतं. तुझ्या गळी उतरलं असतं तर जन्मभर तेच सांगत राहिले असते. तू रडून मोकळी झाली असतीस आणि मी ते पोटात ठेवून मेले असते. पण ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं.

कॅरियरला जे सामान होतं तो तुझा रेनकोट होता. पिवळा. गिरणीच्या पडवीत तू खिळ्याला टांगला होतास आणि रागाच्या भरात तसाच सोडून निघालीस. त्याने तो घट्ट गुंडाळला होता आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधला होता. गाठ एवढी पक्की की पोलिसांना कापावी लागली. आत अजून कोरडा होता. त्या नर्सबाई काय म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा आठवलं आणि मी तिथेच दगडावर बसले. त्यांनी काय पाहिलं, कसं पाहिलं, मला सांगता येणार नाही. टिकटिक अजून येते. मी आता ब्रेक दाबून बघत नाही.

तू त्या दिवशी कुठल्या रस्त्याने गेलीस ते मी कधी विचारलं नाही. पण नंतर माझ्याशी भांडताना तू म्हणाली होतीस की दुपारची बस मिळाली. गिरणीवरून निघून ती बस गाठायची तर जुन्या रस्त्याशिवाय जमत नाही, पक्क्या रस्त्याने सायकल उडवत नेली तरी नाही. वर्षभर हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. तू दरड ओलांडून गेलीस, सायकल हातात धरून, तेव्हा वाट धड होती. मग पाऊस लागला. तो मोरीपाशी आला, चिखलात तुझ्या मागच्या टायरचा ठसा पाहिला. तो टायर त्यानेच बसवला होता, हजारात ओळखला असता. पाहुणे सगळे बरोबर रस्त्याला लागलेले. घरचं एक माणूस तेवढं दुसरीकडे गेलं होतं, आणि आभाळ भरून आलं होतं. म्हणून त्याने गोल काढला.

भावोजींनी पाहुणे मोजले. तुला मोजायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. आपल्याला कोणी कधी घरच्या माणसांना मोजायला शिकवलंच नव्हतं.

आता तू म्हणशील, म्हणजे मीच मारलं. म्हणशीलच, मी ओळखते तुला. तर ऐक. तू रागावून गेलीस. बायका रागावून जातात, नवरे मागून येतात, सगळ्या जगात हेच चालतं आणि दुसऱ्या दिवशी दोघं एका ताटात जेवतात. तुमचंही तसंच होणार होतं. त्याने भांडण पुढे न्यायला रेनकोट घेतला नव्हता. तू भिजू नयेस म्हणून घेतला होता, दुसरं काही नाही. तुझ्यावर त्याचा राग नव्हता, धाकटे. हे मला कोणी सांगायची गरज नाही, मी ती गाठ पाहिली आहे.

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. पाकिटावर तिकीट नाही ते तू बघितलंच असशील. तुझ्या भावोजींनी आणलंय. परवा त्यांनी माळ्यावरून आपली सायकल काढली, तेलपाणी केलं आणि म्हणाले, ‘तिला मी तोंडाने सांगतो.’ मी म्हटलं, एवढे डोंगर आहेत, बसने जा. नाही म्हणाले. मी म्हटलं, तिने दार लावून घेतलं तर? म्हणाले, ‘तर बाहेर बसेन.’ मी अडवलं नाही. वर्षभरात माझ्या डोळ्यांत बघून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

त्यांना मी बजावलंय, पत्र द्यायचं आणि तिचं वाचून होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा ते तुझ्या पायरीवर बसलेले असणार. दमले असतील. पाणीही मागणार नाहीत, तू दिलंस तरच घेतील.

त्यांना माफ कर असं मी सांगत नाही. मी स्वतः अजून केलेलं नाही, होईल की नाही तेही माहीत नाही. सहीसाठी त्यांच्याबरोबर ये किंवा एकटी ये, ते तू ठरव. पण आत्ता ते तुला हाक मारतील. त्या दिवशी दरडीवर त्यांनी इतक्या हाका मारल्या आणि खालून काहीच आलं नाही, ते अजून तिथेच उभे आहेत, घरी आलेलेच नाहीत. काय वाटेल ते बोल. शिवी दिलीस तरी चालेल. पण धाकटे, गप्प राहू नकोस, ओ दे.

ताई